ऑनलाइन लिलाव : बोलीदार फिरला तर...
जुन्या वस्तूंच्या ऑनलाइन लिलावात सर्वाधिक बोली लावूनही पैसे न भरणारा बोलीदार ही विक्रेत्याची नेहमीची अडचण. १९३०च्या वस्तुविक्री कायद्यातील कलम ६४नुसार हातोडा पडून विक्री जाहीर होईपर्यंत बोली मागे घेता येते. त्यानंतर व्यवहार पक्का होतो. मात्र किरकोळ वस्तूसाठी दाव्याचा खर्च परवडत नाही. अशा वेळी दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीदाराला वस्तू देऊ करणे श्रेयस्कर. रक्कम खात्यात जमा झाल्याशिवाय वस्तू देऊ नये. पैसे स्वीकारण्यासाठी यूपीआय पिन लागत नाही. तो टाकण्यास सांगणारा ग्राहक नव्हे, भामटा समजावा. फसवणूक झाल्यास तत्काळ १९३० या हेल्पलाइनवर कळवावे. वसई-विरारकरांसाठी २०२०मध्ये स्थापन झालेल्या मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीतील ठाण्यातही तक्रार नोंदविता येते.