पायाखालचा भुसा

ईशान्य इंग्लंडमधल्या हार्टलपूलच्या गोदीत ‘ट्रिंकोमाली’ या जुन्या युद्धनौकेवर तुम्ही उभे आहात. गार वारा अंगाला झोंबतोय. वाकून खालच्या मजल्यावर उतरा आणि आतल्या वाशाला तळवा टेकवा. हे लाकूड मलबारचं, पण नाव घडली मुंबईत. डोळे मिटा.

आता चपला काढा. साल 1816, मुंबईच्या गोदीतला उन्हाळा. तळव्यांना लागणारा भुसा तेलकट आहे आणि ताज्या सागाचा कातड्यासारखा वास नाकात भरलाय. समोर नावेच्या कण्याचं लाकूड मांडलंय. मुख्य कारागीर जमशेदजी बमनजी वाडिया पारशी रिवाजाप्रमाणे त्यात चांदीचा खिळा ठोकतात.

एक सुतार वाकस तुमच्या हाती देतो. तासायला लागा. पहिल्या ढलप्या सुरेख निघतात, मग पातं नुसतं घसरायला लागतं. सागाच्या पोटात रेतीसारखे बारीक कण असतात, ते धार खातात.

“दगडावर लावून घ्या आधी,” तो म्हणतो.

असं हट्टी लाकूड कशाला? ओकमधलं आम्ल लोखंडी खिळे खातं. साग तेलकट; तो खिळ्याला जपतो, पाण्यात कुजत नाही, उन्हात फारसा आकसत नाही. शिवाय नेपोलियनशी लढता लढता इंग्लंडचे ओक संपत आलेत.

या ओंडक्यांमागे एक दुखणं आहे, तेही इथेच सांगायला हवं. 1806 पासून मलबारात ईस्ट इंडिया कंपनीने कॅप्टन वॉटसन यांना वनसंरक्षक नेमलंय. सागावर मक्ता कंपनीचा. स्वतःच्या जमिनीत उभं असलेलं झाडसुद्धा मालकाला तोडता येत नाही. हा मक्ता सुटायला 1823 उजाडेल. ज्यांची झाडं गेली, त्यांची नावं नावेवर कुठेच नाहीत, आणि मला ते सलतं.

12 ऑक्टोबर 1817. चला, वर या, भरती चढतेय. गोदीत पाणी शिरतं आणि तुम्ही उभे होता तिथला भुसा पाण्यावर उचलला जातो, फिरतो, काठाशी गोळा होतो. टेकूंवरची नाव आधी कुरकुरते. मग गर्दी एकदम गप्प होते, कारण ती हलली आहे.