अलिबाग : दिसतं समोर, पण लागतं लांब

मी उलव्यातून बोलतोय. खिडकी बंद केलीय, तरी मधेच डंपरचा आवाज आलाच तर सांभाळून घ्या.

आजचा विषय माझ्या आजोळचा आहे. अलिबाग.

पहिल्या नोकरीत एकदा मी मीटिंगमध्ये काहीतरी बावळट प्रश्न विचारला. एक सिनियर लगेच म्हणाला, "अलिबाग से आया है क्या?" सगळे हसले, मीही हसलो. माझी आई अलिबागजवळच्या नागावची आहे, हे तेव्हा सांगायचं धाडस झालं नाही. हा डायलॉग तुम्हीही ऐकला असेल. २०१९ मध्ये एका अलिबागकरानं त्यावर बंदी घाला म्हणून थेट मुंबई उच्च न्यायालयात याचिका केली होती. कोर्टानं ती फेटाळली. विनोद सगळ्यांवरच होतात, मनावर घेऊ नका, असा सूर होता.

पण मला प्रश्न पडला, की मुंबईच्या इतक्या जवळचं गाव 'मागासलेलं, लांबचं' म्हणून ओळखलं कसं गेलं? गेटवेहून बोटीनं निघालात तर तासाभरात मांडवा. रस्त्यानं मात्र पनवेल, पेण, वडखळ असा वळसा. शंभरेक किलोमीटर! मधे मुंबईचं बंदर, पूर्वेला धरमतरची खाडी. अलिबागला आजही प्रवासी रेल्वे नाही. म्हणजे नकाशावर शेजारी आणि प्रवासात लांब. माझं म्हणणं असं, की अलिबागचा जवळजवळ सगळा इतिहास या एका गोष्टीतून निघतो.

सुरुवात कुलाबा किल्ल्यापासून करू. बीचवर उभं राहिलं की समोर दिसतो तो. शिवाजी महाराजांनी १६८० मध्ये काम सुरू केलं, संभाजी महाराजांच्या काळात ते पुरं झालं. तटाचे मोठमोठे दगड चुना न भरता नुसते रचलेत, म्हणजे लाटेचं पाणी फटींतून आत शिरतं आणि तिचा जोर तिथंच कमी होतो. ओहोटीला चालत जाता येतं, भरतीला चारी बाजूंनी पाणी. आत गोड्या पाण्याची विहीरसुद्धा आहे.

पुढे हाच किल्ला कान्होजी आंग्र्यांचा मोठा तळ झाला. इंग्रज समोर मुंबईत, हे इकडे. ये-जा करणारी जहाजं त्यांच्या टप्प्यात, पण ते स्वतः हाताला लागायचे नाहीत. १७२१ च्या डिसेंबरमध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज चक्क एकत्र येऊन कुलाब्यावर चालून आले. बाजीराव पेशवे मदतीला धावले आणि ती मोहीम फसली. १७२९ मध्ये कान्होजी गेले. त्यांची समाधी अलिबाग शहरातच आहे. बीचकडे जाणाऱ्या शंभरातले नव्वद जण तिथं वळत नाहीत. मीही कॉलेजात जाईपर्यंत वळलो नव्हतो.

आता दुसरी गोष्ट, आपल्या इंजिनियर मंडळींसाठी खास. मुंबईच्या कुलाब्यात पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र मोजणारी वेधशाळा होती. १८४१ पासून तिथं नोंदी सुरू होत्या. मग शहरात विजेच्या ट्राम आणायचं ठरलं. विजेचा प्रवाह आला की त्याचं चुंबकीय क्षेत्र आलं, आणि सगळी रीडिंग्ज बिघडणार! उपाय काय? वेधशाळाच हलवा. अशी ती १९०४ मध्ये अलिबागला आली. मुंबईच्या कुलाब्यातून निघाली आणि कुलाबा जिल्ह्यात पोहोचली, कारण रायगड जिल्ह्याचं तेव्हाचं नाव तेच होतं. इमारत बांधताना लोखंड कटाक्षानं टाळलं. १९०७ मध्ये मुंबईत विजेची ट्राम धावली, तोवर अलिबागचं काम नीट बसलं होतं. आजही तिथं नोंदी होतात. ती चालवणाऱ्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेचं मुख्यालय तर आपल्या नवीन पनवेलमध्ये आहे.

म्हणजे बघा, शहराचा गोंगाट पोहोचत नाही म्हणून अलिबाग निवडलं गेलं. सुट्टीला येणाऱ्यांचंही तेच. पक्षीशास्त्रज्ञ सालिम अली नोकरी नसतानाच्या दिवसांत किहीमला येऊन राहिले होते. १९३० मध्ये तिथंच त्यांनी सुगरण पक्ष्यांच्या घरट्यांचा अभ्यास केला, त्यातून त्यांचं नाव झालं. पुढे मुंबईकरांचे बंगले वाढत गेले, मग वीकेंडवाले आले, आणि २०२० मध्ये गाडी चढवता येणारी रो-रो आली.

पण थांबा. ही झाली येणाऱ्यांची गोष्ट. राहणाऱ्यांसाठी तेव्हाचं अलिबाग इतकं निवांत नव्हतं. जमीन खोत-सावकारांची, कसणारी कुळं कर्जात. १९३३ मध्ये चरी गावात नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी संप केला. सावकाराची जमीन कसायचीच नाही! हा संप १९३९ पर्यंत चालला. घरातलं धान्य संपलं तरी लोक हटले नाहीत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पाठिंबा दिला आणि १९३७ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. कसेल त्याची जमीन, ही गोष्ट या पट्ट्यात अशी उपास काढून कमावलेली आहे.

हे आत्ता सांगायचं कारण म्हणजे माझा मामा. नागावला त्याची नारळ-सुपारीची छोटी वाडी आहे. १२ जानेवारी २०२४ ला अटल सेतू सुरू झाला आणि मामाचा फोन वाजायला लागला. सगळे एजंट. "मामा, गुंठ्याला काय घेणार?" त्याला मामा म्हणणारे अचानक खूप वाढले!

गेल्या महिन्यात मी गेलो तेव्हा त्यानं सरळ विचारलं, "तू शिकलेला आहेस. सांग, काय करू? विकू?"

मी गप्प बसलो. कारण मी राहतो कुठे? उलव्यात. इथं विमानतळासाठी डोंगर फोडून सपाट केला, नदीचा प्रवाह वळवला, गावंच्या गावं उठून दुसरीकडे गेली. माझा फ्लॅटही कुणाच्या तरी जुन्या भातशेतावरच असणार. आणि सेतू झाल्याचा आनंद मलाही झाला, खोटं का बोलू? माझा ऑफिसला जायचा तास वाचला. मग मामानं मात्र लांबच राहावं, हे मी कोणत्या तोंडानं सांगू?

शेवटी एवढंच म्हणालो, "घाई नको करू. आणि विकलीस तरी विहिरीकडचा तुकडा ठेव." तो म्हणाला, "विहिरीकडचाच तर मागतायत रे सगळे."

माझ्याकडे उत्तर नाही, मंडळी. मला एवढंच कळतं, की आपण अलिबागला जातो ते आपल्यापासून लांब जायला. सगळे वीस मिनिटं वाचवून तिथं पोहोचलो की लांब असं उरणार काय?

पुढच्या शनिवारी मी जुन्या वाटेनं जाणार आहे. बामणडोंगरीहून लोकलनं उरण, तिथून करंजा, मग लाँचनं रेवस आणि पुढं एसटी. तुम्ही गेलात तर किल्ल्यात शिरण्याआधी भरतीची वेळ नक्की विचारा. आत गप्पा मारत बसाल तर परतीची वाट पाण्याखाली जाईल. आणि हो, बाजाराच्या रस्त्यानं या, कान्होजींच्या समाधीपाशी दोन मिनिटं थांबा.

तुमच्या आजोळी असे फोन येतायत का? काय ठरवलंत? व्हॉइस नोट पाठवा, मामालाही ऐकवीन. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!