एका कायद्याच्या दोन वाटा

१ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि त्याच वर्षीच्या जून महिन्यात मुंबई दारूबंदी कायदा अमलात आला. छत्रपतींच्या राज्यातून लोकशाहीत आलेल्या करवीरकरांना नव्या राजवटीची ही पहिल्याच वर्षीची भेट! कायद्याचे नाव दारूबंदीचे. परंतु त्याच्या कलमांत दारू, ताडी, अफू, गांजा हे सारे एकाच पंक्तीला बसविले होते. पुढे ही पंगत मोडली. दारूला एक न्याय लागला, गांजाला दुसरा.

इंग्रजांपुढे नीतीपेक्षा महसुलाचा प्रश्न मोठा होता. १८७८ च्या अबकारी कायद्याने ताडीच्या झाडांवर कर बसला आणि दारू गाळण्याचा व्यवसाय सरकारी नियंत्रणाखालील कारखान्यांत एकवटला. दारातले माड सरकारला पैसे भरल्याशिवाय छेदता येईनात. आमच्या वसईकर बांधवांच्या पूर्वजांनाही या कराची झळ लागली. १८८० मध्ये पुणे नगरपालिकेचे सभासद असलेल्या महात्मा फुले यांनी दारूच्या दुकानांना वाढते परवाने देण्यास लेखी विरोध केला.

गांजाचा प्रश्न ब्रिटिश पार्लमेंटमध्ये गाजला आणि १८९३ साली आयोग नेमला गेला. त्याने देशभरातील ११९३ साक्षीदारांचे म्हणणे नोंदविले. आपल्या अहमदनगर जिल्ह्यात तेव्हा गांजाची शेती होती. माफक सेवनाने विशेष अपाय होत नाही. बंदी न घालता कर व परवाने यांनी आळा घालावा, असा आयोगाचा निष्कर्ष होता. आज कायदेशीर गांजाचे समर्थक या अहवालाचा मोठ्या उत्साहाने आधार घेतात. अहवाल परिश्रमपूर्वक लिहिला आहे, हे आम्ही मान्य करतो. मात्र करातून उत्पन्न घेणाऱ्या सरकारनेच तो लिहवून घेतला होता, हेही ध्यानात ठेवावे.

१९४९ चा कायदा गृहमंत्री मोरारजी देसाई यांनी कठोरपणे राबविला. मिस्साच्या द्राक्षारसासाठी धर्मगुरूंना अनुमती देण्याची तरतूद त्यात होती. १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने औषधे व प्रसाधने यांच्याविषयीचे काही निर्बंध रद्द केले, पण मूळ कायदा उचलून धरला. बाटली दुकानातून गेली. हातभट्टी मात्र ओढ्याकाठी पेटली. साठच्या दशकात वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना बंदी सैल झाली आणि १९७३ मध्ये देशी दारूचे नियम आले. तरी मूळ कायदा रद्द झाला नाही. त्याच्या नावातील ‘मुंबई’ जाऊन ‘महाराष्ट्र’ आले, एवढेच. दारू पिण्यासाठी परवाना आजही लागतो. तो किती जणांच्या खिशात असतो, हे वाचकांनीच ताडावे.

गांजाची वाट नेमकी उलट गेली. १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारानंतर १४ नोव्हेंबर १९८५ रोजी केंद्राचा अमली पदार्थविषयक कायदा लागू झाला. गांजा गुन्हा ठरला. त्याच झाडाच्या पानांची भांग त्यातून सुटली. १९८९ मध्ये काही पुनरावृत्त गुन्ह्यांसाठी फाशी सक्तीची झाली. २०११ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ही सक्ती अमान्य केली आणि २०१४ मध्ये संसदेने ती काढली. स्वेच्छेने उपचार घेणाऱ्या व्यसनाधीनाला खटल्यापासून संरक्षण देणारे कलमही कायद्यात आहे. कुटुंबांना ते क्वचितच ठाऊक असते, म्हणून येथे मुद्दाम नमूद करतो. मुलगा तुरुंगात जाईल या धास्तीने आईबाप त्याचे व्यसन लपवितात आणि उपचाराचा काळ निघून जातो.

आता पुन्हा मुक्ततेची चर्चा आहे. २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने गांजाला अतिघातक द्रव्यांच्या यादीतून वगळले, तेव्हा भारतानेही बाजूने मत दिले. इकडे चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ मध्ये घातलेली दारूबंदी २०२१ मध्ये उठली. चोरटी दारू वाढली, असे उठविणारे म्हणाले. संसार सावरले होते, असे विरोधक म्हणाले. आम्हांस दोन्ही खरे वाटते.

या साऱ्या वादात घरातल्या स्त्रीला विचारले गेले ते फार उशिरा. दुकान बंद करण्यासाठी ‘आडव्या बाटली’ला गावातील एकूण स्त्री मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मते पडावी लागतात. त्या दिवशी मजुरीला गेलेली किंवा नवऱ्याच्या धाकाने घरीच राहिलेली स्त्री आपोआप उभ्या बाटलीच्या बाजूस मोजली जाते.