जीपवरचा पांढरा तारा

दुसऱ्या महायुद्धातली अमेरिकन जीप दुरुस्त करणारा शेवटी रंगाच्या डब्यापाशी अडतो. तारा काढायचा, पण कोणता? साधा तारा लांबून जर्मन क्रूसासारखा भासे, म्हणून १९४३ मध्ये त्याभोवती वर्तुळ आलं. रणगाड्यांवरचे ठळक तारे तर शत्रूला नेम धरायला सोयीचे. शिपाई त्यांवर चिखल फासत! मग खरं कुणाचं मानायचं, नियमाचं की शिपायाचं? मला विचाराल तर शिपायाचं.

नंबराचं वेगळं. बॉनेटच्या बाजूला २० ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असे. रंगाचे थर ओल्या पॉलिश पेपरने हलक्या हाताने घासले, की कधीकधी तो खालून वर येतो. सापडला तर तोच रंगवावा.

अवघड आहे ते बंपरचं. तिथे डिव्हिजन, रेजिमेंट, कंपनी लिहायची. नॉर्मंडीत लढलेली नामांकित तुकडी सगळ्यांनाच हवी असते. ही जीप मात्र कदाचित युद्धभर अमेरिकेतल्याच छावणीत फिरलेली. थीसियसच्या जहाजाच्या फळ्या बदलल्या, पण ते दुसऱ्या कुणाचं जहाज आहे असं कुणी म्हणालं नाही हो! तुकडीच्या त्या आकड्यांमागे मेलेली माणसं आहेत. पुरावा नसेल तर बंपर कोरा ठेवा, नाहीतर शेजारी पाटी लावा: 'खुणा नमुन्यादाखल'.