रेडिएटरवरची काचेची नळी

तळघरात एकच बॉयलर आणि वर वीस बिऱ्हाडं. इंधनाच्या बिलात कुणाचा वाटा किती? युरोपातल्या भाड्याच्या इमारतींत मध्यवर्ती हीटिंग आलं, तेव्हापासून हा प्रश्न आहे. आपल्या सोसायट्यांत टँकरच्या पाण्यावरून जे होतं, तेच तिकडे उबेवरून.

जुन्या इमारतींत गरम पाण्याचे पाइप खोल्याखोल्यांतून सरळ वर चढत. एकाच घरातले पाच रेडिएटर पाच निराळ्या पाइपांवर असत. प्रत्येकाला खरा उष्णतामापक लावणं कुणाला परवडणार? त्यावर स्वस्त तोड निघाली ती काचेच्या बारीक नळीची. ती रेडिएटरवर बसवायची, आत मिथाइल बेंझोएटसारखं सावकाश उडणारं द्रव्य भरायचं. रेडिएटर जितका तापेल तितकी पातळी खाली. वर्षातून एकदा कंपनीचा माणूस यायचा, पट्टीवरचा आकडा टिपायचा आणि नवी नळी बसवून जायचा. उन्हाळ्यात, हीटिंग बंद असतानाही थोडं द्रव्य उडतंच. म्हणून नळी शून्याच्या रेषेच्या वरपर्यंत भरत. मिळालेल्या आकड्याला रेडिएटरच्या आकारानुसार गुणक लावत. एवढं करूनही नळी उष्णता मोजत नसे, फक्त वाटे पाडून देई.

पश्चिम जर्मनीत 1 मार्च 1981 पासून याला कायद्याचा आधार मिळाला. सर्वसाधारणपणे 50 ते 70 टक्के खर्च वापरानुसार आणि उरलेला बहुधा क्षेत्रफळानुसार. ही विभागणी शहाणपणाची होती, कारण ऊब भिंतीतून झिरपते. मधल्या घराला शेजाऱ्यांची ऊब फुकट मिळते, छपराखालच्या कोपऱ्यातल्या घराला नाही.

पूर्व जर्मनीत सगळंच निराळं. तिथल्या पॅनेलच्या इमारतींत हीटिंगचे पैसे ठोक घेत, अनेक रेडिएटरांना तापमान कमी करायची सोयही नसे. फार उकडलं की लोक भर हिवाळ्यात खिडकी उघडत.

पुढे नळीच्या जागी इलेक्ट्रॉनिक उपकरण आलं. त्यातला एक सेन्सर रेडिएटरचं तापमान घेतो, दुसरा बहुधा खोलीचं. दोहोंतल्या फरकावरून वापराचा अंदाज निघतो आणि आकडा रेडिओ लहरींनी बाहेर जातो. दुरून वाचता येणारी उपकरणं असतील, तर जर्मनीत 2022 पासून भाडेकरूला दरमहा वापर कळवावा लागतो.

सेन्सर स्वस्त झाला, मोजणी मात्र फुकट नाही. तिचा खर्चही भाडेकरूच्याच बिलात येतो. आणि 2017 मध्ये जर्मनीच्या स्पर्धा नियामकाने चौकशीअंती नोंदवलं, की हा धंदा मोजक्या कंपन्यांच्या हातात एकवटला आहे.