खेळ आणि खोकें

वस्तु जपावी आणि वेष्टन टाकून द्यावें, हा जगाचा नित्याचा व्यवहार आहे. वस्त्र कपाटांत जातें, त्याची पेटी केरांत जाते. औषध पोटांत जातें, त्याची पुडी रस्त्यावर पडते. या व्यवहारास जेव्हां एखादा सुशिक्षित मनुष्य उघड अपवाद करूं लागतो, तेव्हां शेजारी हंसतात आणि घरची मंडळी चिंतातुर होतात. आमचा एक माजी विद्यार्थी अमेरिकेंत नोकरीस आहे. गेल्या दिवाळींत तो भेटीस आला असतां त्यानें मोठ्या अभिमानानें आम्हांस एका पुठ्ठ्याच्या खोक्याचें छायाचित्र दाखविलें. खोकें एका जुन्या व्हिडिओ गेमचें होतें आणि तें त्यानें बरेच डॉलर मोजून विकत घेतलें होतें. "आंत काय आहे?" असें आम्हीं विचारलें. तो म्हणाला, "आंत कांहीं नाहीं, सर. कॅसेट मीं आधींच मिळविली होती. खोकें तेवढें मिळत नव्हतें."

आम्हांस हंसू आलें, हें कबूल केलें पाहिजे. इतिहासाचें अध्यापन करणाऱ्या मनुष्यानें हंसण्यापूर्वीं चौकशी करावयास हवी होती. ती आम्हीं मागाहून केली, आणि जसजशी ती पुढें गेली तसतसें हंसू ओसरत गेलें. त्या चौकशीचा निष्कर्ष वाचकांपुढें ठेवण्याचा या लेखाचा हेतु आहे.

प्रथम या छंदाचें स्वरूप सांगितलें पाहिजे. जुन्या खेळांच्या संग्राहकांत 'संपूर्ण संच' अशी एक संज्ञा रूढ आहे. खेळाची कॅसेट, तिच्याबरोबरची माहितीपुस्तिका आणि दोहोंस सामावून घेणारें मूळचें खोकें, हीं तिन्ही एकत्र असलीं म्हणजे संच संपूर्ण झाला. यांतील कॅसेट प्लास्टिकची असल्यामुळें टिकते. पुस्तिका फाटते. खोकें तर घरीं पोहोंचल्याच्या दिवशींच मुलांच्या हातून चुरगळलें जातें. अमेरिकेंत खेळ भाड्यानें देणारे दुकानदार खोक्याचें चित्र कापून मांडणीच्या पेटींत लावीत. यामुळें ज्या खेळाच्या लक्षावधि कॅसेटी आजही सांपडतात, त्याचें धड खोकें मात्र सहसा आढळत नाहीं. दुर्मिळता आहे ती पुठ्ठ्याची, आणि बाजारांत मोल दुर्मिळतेला येतें. इतकेंच असतें तर हा विषय व्यापाऱ्यांवर सोपवून आम्ही मोकळे झालों असतों. परंतु खोक्यांचा प्रश्न याहून खोल आहे.

इ. स. १९७२ सालीं अमेरिकेंत मॅग्नाव्हॉक्स ओडिसी या नांवाचें, दूरचित्रवाणीच्या पडद्यावर खेळावयाचें पहिलें घरगुती यंत्र बाजारांत आलें. राल्फ बेअर या संशोधकाच्या कल्पनेंतून तें निर्माण झालें होतें. या यंत्रास आवाज नव्हता, गुणांची नोंद ठेवतां येत नव्हती, आणि पडद्यावर प्रकाशाचे कांहीं ठिपके व एक रेषा यांपलीकडे कांहीं उमटत नव्हतें. मग खेळ होता कोठें? तो खोक्यांत होता. खोक्यांत फांसे होते, पत्ते होते, खोट्या नोटा होत्या, आणि पडद्यावर चिकटविण्याचे रंगीत पारदर्शक पत्रे होते. त्या पत्र्यांशिवाय ठिपका हा केवळ ठिपका राही. पत्रा लावला कीं तोच खेळाडू बने. तें खोकें हरवलें, तर जें उरतें त्याला खेळ म्हणणेंही कठीण आहे.

पुढें १९७७ सालीं अटारी कंपनीचें घरगुती यंत्र आलें. त्याच्या पडद्यावर तोफ म्हणजे एक चौकोन व विमान म्हणजे दुसरा चौकोन अशी स्थिति होती. परंतु खोक्यावर कुशल चित्रकारांनीं रंगविलेलीं युद्धें, अंतराळयानें आणि घोडदौडी असत. या चित्रांवर पुष्कळदां फसवणुकीचा आरोप होतो. आम्हांस तो एकांगी वाटतो. आपल्या सोंगट्यांच्या पटावर तरी घोडा कोठें घोड्यासारखा असतो? मूल तें चित्र एकदां डोळे भरून पाही आणि नंतर तासन् तास त्या चौकोनांत तें चित्र पाहत राही. यंत्राची उणीव कल्पनेनें भरून काढावयाची होती, आणि त्या कल्पनेस लागणारा शिधा खोक्यावर दिलेला होता.

याच सुमारास संगणकावरील खेळांचा धंदा किती घरगुती होता हेंही वेष्टनावरूनच कळतें. रिचर्ड गॅरियट या टेक्सासमधील तरुणानें १९७९ सालीं आपला 'अकालाबेथ' हा खेळ विकावयास काढला, तो खोक्यांत नव्हेच, तर स्वयंपाकघरांत वापरतात तसल्या तोंड मिटणाऱ्या प्लास्टिकच्या पिशवींत. वरच्या कागदावरील चित्र त्याच्या आईनें काढलें होतें. पिशवीपासून कापडी नकाशे घातलेल्या जाड खोक्यांपर्यंत हा धंदा तीन वर्षांत येऊन पोहोंचला. एका उद्योगाचें बाळपण व तारुण्य इतक्या स्पष्टपणें दाखविणारें दुसरें साधन आम्हांस माहीत नाहीं.

आतां आमच्या म्हणण्याच्या मुख्य मुद्द्याकडे येऊं. इन्फोकॉम या कंपनीनें १९८२ सालीं 'डेडलाइन' नांवाचा खुनाच्या तपासाचा खेळ काढला. संगणकाच्या तबकडीवर जागा थोडी. सर्व मजकूर तींत मावेना. तेव्हां साक्षीदारांच्या जबान्या, घटनास्थळाचें छायाचित्र, इतकेंच नव्हे तर प्रेताजवळ सांपडलेल्या म्हणून दाखविलेल्या पांढऱ्या गोळ्याही खोक्यांत घालून दिल्या. वाचकानें हा पुरावा हातांत घेऊन तपासावयाचा व मग संगणकापुढें बसावयाचें. याहून मौजेचें उदाहरण १९९० सालच्या निन्टेंडोवरील 'स्टारट्रॉपिक्स' या खेळाचें आहे. त्या खोक्यांत नायकाच्या काकांचें एक पत्र असे. खेळाच्या मध्यावर तें पत्र पाण्यांत भिजविण्याची सूचना येते. कागद खरोखरच पाण्यांत बुडविला कीं त्यावर ७४७ हा आंकडा उमटतो, आणि तो यंत्रांत घातल्याखेरीज पुढची वाट खुली होत नाहीं. ज्यानें पत्र फेकून दिलें किंवा ज्याला कॅसेट पत्राविना हातोहात मिळाली, तो तेथेंच अडकून पडे. १९९८ सालीं 'मेटल गिअर सॉलिड' या खेळानें हीच युक्ति योजिली. तेथें लागणारा १४०.१५ हा आंकडा डबीच्या पाठीवरील एका चित्रांत छापलेला होता.

या उदाहरणांवरून काय सिद्ध होतें? वेष्टन हें नेहमींच ग्रंथाबाहेरचें असतें, हा आपला समज येथें लागू पडत नाहीं. जें पान वगळलें असतां ग्रंथाचा अर्थ लागत नाहीं तें त्या ग्रंथाचेंच पान होय, मग तें शिवणींत असो वा बाहेर सुटें असो.

दुसरा मुद्दा कालनिर्णयाचा. निन्टेंडो ही १८८९ सालीं क्योटो येथें पत्त्यांच्या व्यवसायापासून सुरू झालेली कंपनी. तिनें १९८५ च्या ऑक्टोबरांत न्यूयॉर्कच्या परिसरांत आपलें यंत्र विक्रीस आणलें. 'सुपर मारिओ ब्रदर्स' हा तिचा जगप्रसिद्ध खेळ. कोट्यवधि लोकांनीं खेळलेला हा खेळ अमेरिकेंत नेमका कोणत्या दिवशीं विक्रीस आला, याबद्दल आजही अभ्यासकांचें एकमत नाहीं. अलीकडच्या, चाळीसच वर्षांपूर्वींच्या घटनेची ही कथा! अशा वेळीं खोकीं बोलूं लागतात. अगदीं आरंभींच्या खोक्यांस पारदर्शक वेष्टन नसून तोंडाशीं केवळ एक लहान गोल चिठ्ठी चिकटविलेली असे. त्यानंतर वेष्टन आलें. पण पाठीशीं खुंटीस अडकविण्याकरितां कापलेली पुठ्ठ्याची जीभ कायम होती. पुढें ती जीभही गेली. या खुणांवरून खोक्यांच्या आवृत्त्यांचा क्रम लावतां येतो. मोडीचें वळण व कागदाची जात पाहून पत्राचा काळ ठरविणाऱ्या आमच्या संशोधकांस ही पद्धति परकी वाटूं नये.

टाकाऊ ठरलेली वस्तु इतिहासाचें साधन कशी बनते, याचें उदाहरण न्यू मेक्सिको प्रांतांतील अलामोगोर्डो गांवीं घडलें. १९८३ सालीं अमेरिकेंतील हा धंदा कोसळला, आणि त्या वर्षाच्या सप्टेंबरांत अटारीनें आपला न खपलेला माल तेथील कचऱ्याच्या खाणींत पुरला. लोक ही दंतकथा समजत. एप्रिल २०१४ मध्यें खाण उकरली, तेव्हां सुमारें १३०० नग वर आले, आणि त्यांतील 'ई. टी.' या खेळाची एक कॅसेट स्मिथसोनियन संग्रहालयांत विराजमान झाली. एकतीस वर्षांत केराचें पुरावस्तूंत रूपांतर झालें.

येथवर आम्हीं संग्राहकांचा पक्ष घेतला. आतां त्यांच्याशीं भांडलें पाहिजे. अलीकडे या छंदांत एक नवें वारें शिरलें आहे. कधींच न उघडलेलें खोकें तज्ज्ञांकडून तपासून घ्यावें, त्यास गुण मिळवावे, आणि जाड पारदर्शक कवचांत कायमचें बंद करावें. 'सुपर मारिओ ब्रदर्स'चा असा एक नग फेब्रुवारी २०१९ मध्यें १,००,१५० डॉलरांस विकला गेला. एप्रिल २०२१ मध्यें त्याच खेळाच्या दुसऱ्या एका नगास लिलावांत ६,६०,००० डॉलर आले. त्याच वर्षीं जुलै महिन्यांत 'लेजंड ऑफ झेल्डा'स ८,७०,००० व दोनच दिवसांनीं 'सुपर मारिओ ६४'च्या एका नगास १५,६०,००० डॉलर मिळाले. या शेवटच्या खेळाच्या एक कोटीहून अधिक प्रती खपलेल्या आहेत. म्हणजे किंमत खेळाची नव्हती, तो कोणीं कधीं खेळला नाहीं याची होती.

हा प्रकार आम्हांस आमच्याकडील जुन्या पोथ्यांची आठवण करून देतो. कित्येक घरांत पोथी रेशमी वस्त्रांत बांधून देव्हाऱ्यांत ठेवीत. तिला रोज गंधफूल वाहत, आणि तीन पिढ्यांत कोणी ती उघडून पाहत नसे. उघडली तेव्हां वाळवीनें काम आटोपलेलें असे. 'झेल्डा'च्या त्या कॅसेटींतही खेळाची नोंद राखणारी एक लहानशी बॅटरी असते. ती कवचांत असो वा बाहेर, वापरली जावो वा न जावो, वर्षानुवर्षें झिजतच राहते. बॅटरी संपली तरी खेळ चालेल, परंतु त्यास कालचें कांहीं आठवणार नाहीं. आठ लक्ष डॉलर देऊन विकत घेतलेली वस्तु आंतल्या आंत आपली स्मृति गमावीत आहे, आणि मालकास तें कळण्यास मार्ग नाहीं!

पेशवे दप्तरांतील कागद रुमालांत बांधलेले आहेत. रुमालानें ते राखले, हें खरें. पण गांठ सोडणारे हात भेटले नसते तर मराठ्यांचा इतिहास आज होता तितकाही उभा राहिला नसता. राजवाड्यांनीं गांवोगांव पायपीट करून कागद मिळविले ते छापण्यासाठीं, कुलुपांत ठेवण्यासाठीं नव्हे. अमेरिकेंतही असे गांठ सोडणारे लोक आहेत. रॉचेस्टर येथील स्ट्राँग संग्रहालय खेळांबरोबर त्यांचीं खोकीं व कागदपत्रेंही सांभाळतें. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन या संस्थेनें २०२३ सालीं दाखवून दिलें कीं, २०१० पूर्वीं अमेरिकेंत निघालेल्या अभिजात खेळांपैकीं शेंकडा ८७ खेळ आज बाजारांत रीतसर मिळतच नाहींत. ग्रंथालयांनीं ते अभ्यासकांस दुरून वापरूं द्यावे अशी सवलत मागण्यांत आली होती; ती २०२४ सालीं तेथील कॉपीराइट कार्यालयानें नाकारली. अशा स्थितींत खासगी संग्राहकाच्या फळीवरील उघडलेलें, कोपरे झिजलेलें खोकें हाच कित्येक खेळांचा आधार उरतो.

आमच्याकडे ही अवस्था अधिकच बिकट आहे. १९९० नंतरच्या दशकांत महाराष्ट्रांतील मध्यमवर्गीय घरांत जीं यंत्रें आलीं, तीं बहुतेक जपानी यंत्राच्या नकला होतीं. कॅसेटी बिनखोक्याच्या, बिनपुस्तिकेच्या मिळत. एकींत ९९९९ खेळ आहेत असें वर लिहिलेलें असे व आंत मोजकेच खेळ पुनः पुनः येत. कोणीं बनविल्या, कोठून आल्या, कोणत्या सालीं, याचा पत्ता नाहीं. एका संबंध पिढीचें बालपण त्यांपुढें गेलें, आणि तिच्या त्या बालपणाचा कागदी पुरावा जवळजवळ शून्य आहे.

शेवटीं एक कबुली देणें प्राप्त आहे. वीस वर्षांपूर्वीं आम्ही आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालय समितीवर असतांना जुन्या मराठी मासिकांचे अंक बांधून घेण्याचें काम निघालें. खर्च व जागा वांचावी म्हणून मुखपृष्ठें व जाहिरातींचीं पानें काढून टाकावीं, अशी सूचना आली. त्या सूचनेवर आमची सही आहे. लेख तर सर्व राहिले, मग काय बिघडलें, असें तेव्हां वाटलें. तीन वर्षांपूर्वीं एक विद्यार्थिनी प्रबंधाच्या कामासाठीं आली. त्या काळच्या मराठी गृहिणीच्या घरांत कोणतीं औषधें, कोणते साबण, कोणतीं शिवणयंत्रें येत, आणि अंकाची किंमत केव्हां वाढली, हें तिला त्याच मासिकांतून पाहावयाचें होतें. कातडी पाठीचे देखणे खंड आम्हीं तिच्यापुढें ठेवले. तिनें ते दोन दिवस चाळले आणि मुकाट्यानें परत केले.

त्या विद्यार्थ्याचें रिकामें खोकें पाहून हंसण्याचा अधिकार आम्हांस नव्हता. या दिवाळींत तो आला म्हणजे तें आम्ही त्यास सांगणार आहों. सोबत एवढीच विनंति करणार आहों, कीं त्यानें त्या खोक्यांत आपली कॅसेट ठेवावी, आणि कधींमधीं ती बाहेर काढून मुलांस खेळूं द्यावी.