पूर्वेचे पाणी, पश्चिमेचा दिवा



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला विजेच्या इतिहासावर बोलावयास सांगितले, तेव्हा मी त्यांना दोनदा विचारले की, निमंत्रण चुकीच्या पत्त्यावर तर आले नाही ना? मी इंजिनिअर नाही. माझी शाळा नववीत सुटली. पुढे जे शिकलो ते संघटनेच्या कचेरीत, कोर्टाचे निवाडे वाचताना आणि खांबावर चढणाऱ्या माणसांच्या तोंडून. तीस वर्षे वीज कामगारांत काढली, एवढाच माझा अधिकार. तेव्हा टर्बाइनच्या पात्यांचे गणित मला विचारू नका. मला बोलावयाचे आहे ते पाण्याविषयी आणि माणसांविषयी.

प्रथम भूगोल. सह्याद्रीचा कडा पश्चिमेला तुटलेला आहे आणि पूर्वेला तो हळूहळू उतरत जातो, हे आपण शाळेत शिकलो. या कड्याच्या माथ्यावर जो पाऊस पडतो तो अफाट. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो, आणि तेथून दोनशे-अडीचशे किलोमीटरवर सोलापुरात त्याचा दहावा हिस्सा. निसर्गाने यावर एक तोड काढली होती. माथ्यावरचे पाणी त्याने जवळच्या अरबी समुद्रात न ढकलता कृष्णा-भीमेच्या हाती दिले आणि शेकडो कोस पूर्वेकडे, कोरड्या मुलखातून फिरवीत नेले. इंद्रायणी लोणावळ्याच्या बाजूला उगम पावते आणि देहू-आळंदीवरून भीमेला मिळते. त्या भीमेचीच पंढरपुरात चंद्रभागा होते. वारकरी ज्या पाण्यात उभा राहतो ते पाणी कड्याच्या माथ्यावरचे आहे.

आता याच पाण्याकडे इंजिनिअरच्या नजरेने पाहा. माथ्यावर बांध घालून ते अडविले आणि पूर्वेकडे जाऊ देण्याऐवजी नळांतून पश्चिमेला कड्याखाली सोडले, तर ते एका दमात सतराशे फूट कोसळते. कोसळणाऱ्या पाण्याच्या अंगी जोर असतो. त्या जोरावर चक्र फिरते आणि वीज होते. मुंबईचे वास्तुशिल्पज्ञ डेव्हिड गॉस्टलिंग यांच्या मनात ही कल्पना घोळत होती. ती जमशेटजी टाटांनी उचलली. १९०४ साली ते वारले आणि त्यांचे चिरंजीव दोराबजी यांनी ती पुरी केली. १९१० साली कंपनी निघाली. भांडवल हिंदुस्थानातच उभे राहिले, संस्थानिकांनीही भाग घेतले. १९११ च्या फेब्रुवारीत गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांनी लोणावळ्यास पायाचा दगड बसविला आणि १९१५ च्या फेब्रुवारीत, महायुद्ध पेटलेले असताना, खोपोलीचे वीजघर सुरू झाले. परकीयांच्या राज्यात एवढे मोठे काम येथल्या पैशावर उभे राहिले, ही गोष्ट लहान नव्हे. मी मजूर चळवळीतला माणूस असलो तरी तिचे मोल मला कळते.

पण वीज खोपोलीला होऊन उपयोग काय? गिरण्या तर परळ-लालबागला. मध्ये त्रेचाळीस मैलांचे अंतर. येथे एक छोटी गोष्ट समजून घ्यावी, कारण उंच मनोरे आणि त्यांवरच्या तारा कशासाठी, हे तिच्यावाचून कळत नाही. वीज म्हणजे दाब गुणिले प्रवाह. तार तापते ती प्रवाहाने. प्रवाह दुप्पट झाला की तापणे चौपट होते आणि तेवढी वीज वाटेतच उडून जाते. म्हणून दाब दसपट वाढवावयाचा. मग तीच वीज दहाव्या हिश्श्याच्या प्रवाहात जाते आणि वाटेतली गळती शंभराव्या हिश्श्यावर येते. खोपोलीची वीज एक लाख व्होल्टच्या दाबाने मुंबईला नेली. दाब वाढला की धोकाही वाढतो, म्हणून मनोरे उंच आणि चिनी मातीच्या चिमण्या लांब. पुढे चंद्रपूरची वीज मुंबईजवळ पडघ्याला आणावयाची वेळ आली, तेव्हा १९९९ च्या सुमारास साडेसातशे किलोमीटरची पाच लाख व्होल्टची एकदिश प्रवाहाची वाहिनी सुरू झाली. तत्त्व तेच.

गिरणी कामगाराची आणि विजेची ओळख मात्र खोपोलीच्या आधीच झाली होती, आणि ती गोड नव्हती. पूर्वी गिरणी सूर्याबरोबर सुरू होई आणि सूर्याबरोबर थांबे. तास पुष्कळ, पण त्याला अंधाराची तरी हद्द होती. मग गिरण्यांतून विजेचे दिवे लागले आणि ती हद्द गेली. १९०५ साली मुंबईच्या कित्येक गिरण्या चौदा-पंधरा तास चालू लागल्या. त्या वर्षी कामगार खवळून बाहेर पडले, दगडफेकही झाली. पुरुष कामगाराच्या दिवसाला बारा तासांची मर्यादा कायद्याने पडली ती १९११ साली. म्हणजे पाहा, लोणावळ्याचा पायाचा दगड आणि बारा तासांचा कायदा एकाच वर्षीचे. दिवा आला तेव्हा रात्र कोणाची, हा प्रश्न त्याच्याबरोबरच आला.

खोपोलीचे यश पाहून भूक वाढली. १९२२ साली भिवपुरीचे वीजघर सुरू झाले. त्यासाठी आंध्रा नदी अडविली. त्यानंतर मुळशी.

मुळशीविषयी थोडे सावकाश बोलले पाहिजे. मुळा आणि निळा या नद्यांच्या संगमाजवळ धरण बांधावयाचे ठरले आणि मावळातली बावन्न गावे पाण्याखाली किंवा पाण्याच्या काठाशी यावयाची होती. भातखाचरे पिढ्यान्‌पिढ्या कसलेली, पैसा कमी पण भात खात्रीचे. सरकारने १८९४ चा भूसंपादन कायदा लावला. त्यात ‘सार्वजनिक कार्य’ हा शब्द आहे. गिरण्यांची आणि आगगाडीची वीज हे सार्वजनिक कार्य ठरले. मावळ्यांचे भात हे सार्वजनिक कार्य ठरले नाही. १९२१ साली १६ एप्रिलला, रामनवमीच्या दिवशी, मावळे बाया-पोरांसह धरणाच्या जागी जाऊन बसले आणि काम थांबले. पांडुरंग महादेव बापट यांना ‘सेनापती’ ही पदवी याच लढ्यात मिळाली. विनायकराव भुस्कुटे त्यांच्या जोडीला होते. धरणाविरुद्ध एवढा संघटित लढा त्याआधी जगात झाल्याचे माझ्या वाचनात नाही.

हा लढा का फसला? ब्रिटिश सरकारचा जोर होता, हे खरे. पण तेवढे सांगून भागत नाही. जमीन कसणारा मावळा आणि जमिनीचा कागद ज्याच्या नावावर तो पुण्याचा सावकार-जमीनदार, यांचे हित एक नव्हते. कागदवाल्याला चांगला भाव मिळाला की त्याचे काम झाले. कसणाऱ्याला भाव नको होता, खाचर हवे होते. सभेत दोघेही एकाच व्यासपीठावर दिसत, पण वाटाघाटी मोबदल्याकडे सरकल्या तशी फळी मोडली. संघटनेच्या कामात हा प्रकार मी इतक्या वेळा पाहिला आहे की, मुळशीची हकीकत प्रथम वाचली तेव्हा मला ती ओळखीचीच वाटली. बापटांनी शेवटचा उपाय म्हणून १९२४ च्या डिसेंबरात धरणाच्या कामावरची आगगाडी अडविली आणि त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली. ते तुरुंगात असतानाच १९२७ साली भिरा येथील वीजघर सुरू झाले.

दरम्यान ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला विजेची पहिली गाडी धावली. ज्या गाड्यांनी पुढे लाखो कामगार कामावर गेले, त्यांत मावळातून उठून मुंबईला पोट भरावयास आलेलेही असतील.

स्वातंत्र्य आले. सरकार आपले झाले. आता कोयना. तंत्र तेच: नदी पूर्वेची, पाणी पश्चिमेला, फक्त आकार मोठा. १९५४ च्या सुमारास काम सुरू झाले. डोंगराच्या पोटात बोगदे खोदले, पोफळीला वीजघरही डोंगराच्या आतच बांधले. १९६२ साली वीज सुरू झाली. पुढे टप्पे वाढत गेले आणि आज कोयनेची क्षमता १९६० मेगावॅट आहे. महाराष्ट्राची औद्योगिक वाढ कोयनेवाचून झाली नसती, हे मी मोकळ्या मनाने सांगतो.

याचे कारण पाणी स्वस्त एवढेच नाही. विजेचा एक विचित्र स्वभाव आहे. एवढ्या मोठ्या प्रमाणावर ती कोठारात भरून ठेवता येत नाही; ज्या क्षणी लागते त्याच क्षणी करावी लागते. हा तोल चुकला की सेकंदाला पन्नास ही जी प्रवाहाची आवर्तने आहेत ती घसरतात, आणि फार घसरली की एकामागून एक वीजघर आपणहून सुटते. २०१२ च्या ३० आणि ३१ जुलैला उत्तर हिंदुस्थानात असेच एकामागून एक सुटत गेले. दुसऱ्या दिवशी सुमारे साठ कोटी लोकांच्या मुलखात वीज नव्हती. कोळशाची भट्टी थंड असली तर पेटून जोर धरावयास तास लागतात. पाण्याचे चक्र काही मिनिटांत फिरते. संध्याकाळी सात वाजता सगळा महाराष्ट्र एकदम दिवे लावतो तेव्हा भार सांभाळावयास कोयना लागते.

११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे सव्वाचार वाजून गेल्यावर कोयनेला भूकंप झाला. पावणेदोनशेच्या आसपास माणसे गेली, कोयनानगर उद्ध्वस्त झाले, धरणाच्या भिंतीला तडे गेले. वीजघर बंद पडले आणि मुंबईत अंधार झाला. भूकंप तलावाच्या भाराने झाला, असे बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. धरणाला मागाहून टेकू देऊन ते बळकट केले.

आता हिशेबाकडे येतो. एक घनमीटर पाणी म्हणजे एक टन वजन. ते पाचशे मीटर उंचीवरून खाली आले की झीजतूट वजा जाता सव्वा युनिटच्या आसपास वीज देते. एवढेच. एक टन पाणी, सव्वा युनिट. कृष्णा तंटा लवादाने १९७३ च्या निवाड्यात कोयनेचे पश्चिमेला वळवावयाचे पाणी वर्षाला साडेसदुसष्ट अब्ज घनफुटांवर बांधून दिले आणि टाटांच्या तलावांनाही मर्यादा घातली. तुलना हवी तर उजनी धरणाचा उपयुक्त साठा सुमारे साडेत्रेपन्न अब्ज घनफूट आहे, आणि त्यावर सोलापूर जिल्ह्याचा ऊस, पिण्याचे पाणी, सारे उभे आहे. वळविलेले पाणी सगळे फुकट जाते असेही नाही. खोपोलीचे पाताळगंगेला, भिऱ्याचे कुंडलिकेला, कोयनेचे वाशिष्ठीला मिळते आणि त्यावर कारखाने आणि गावे जगतात. पण दुष्काळ पडला की पूर्वेकडून मागणी येते: आमचे पाणी आम्हाला द्या. ती उडवून लावता येणार नाही. पाण्याऐवजी कोळसा जाळा म्हणावे, तर कोळशालाही पाणी लागते. २०१३ च्या दुष्काळात परळीचे औष्णिक केंद्र पाण्यावाचून बंद ठेवावे लागले. विजेच्या बिलात युनिट मोजलेले असते. हे पाणी कोठल्याच बिलात नाही.

बिलात नसलेली दुसरी गोष्ट म्हणजे माणूस. काही वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावी एक कंत्राटी पोरगा खांबावर गेला. परमिट घेतले होते, लाइन बंद होती. पण जवळच्या एका मंगल कार्यालयात लग्नाची गडबड, तेथील जनरेटरचा पुरवठा उलटा तारेवर आला. खांबावर चढण्याआधी दोन्ही बाजूंनी तार जमिनीला जोडावयाची असते. त्यासाठी लागणारी दांडी त्या दिवशी गाडीत नव्हती. पोरगा चोवीस वर्षांचा होता. कंत्राटदार म्हणाला, हा आमचा माणूसच नव्हे, हजेरीपटावर नाव नाही. आणि खरेच नव्हते. आठ महिने आम्ही कागद धुंडाळीत होतो. शेवटी उपकेंद्राच्या नोंदवहीत सापडले: रात्रपाळीहून घरी जाण्यापूर्वी ऑपरेटरने परमिटचा आकडा, वेळ आणि त्या पोराचे नाव आपल्या हाताने लिहून ठेवले होते. त्या एका ओळीवर १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याखाली त्याच्या आईला पैसे मिळाले. तेव्हापासून मी जेथे सभा घेतो तेथे ऑपरेटरांना सांगतो, नाव लिहा. पूर्ण नाव लिहा, नुसते ‘हेल्पर’ नको.

२०१८ साली कोयनेच्या धरणग्रस्तांनी कोयनानगरला ठिय्या धरला, तेव्हा मी दोन दिवस जाऊन बसलो होतो. गावे उठून साठ वर्षे होत आली होती. कोणाला सोलापूर जिल्ह्यात जमीन, कोणाला ठाण्यात, रायगडात, आणि कित्येकांना कोठेच नाही. माझ्या शेजारी एक आजी होत्या. गाव सोडले तेव्हा त्या आईच्या काखेत होत्या, असे त्या म्हणाल्या. पिशवीतून त्यांनी एक पत्र काढले आणि म्हणाल्या, “भाऊ, तुम्ही शिकलेले दिसता, एवढं वाचून दाखवा.” कुठल्याशा कचेरीचे पत्र होते. आपला अर्ज मिळाला, मूळ कागद आढळत नाहीत, तरी पुराव्यानिशी पुन्हा अर्ज करावा, असा मजकूर होता. मी वाचून दाखविले. त्यांनी पत्र परत घडी घालून पिशवीत ठेवले आणि विचारले, “पुरावा म्हंजी कोणचा? गाव तर पाण्याखाली हाय.”